सही माझीच आहे

१४ जून

चिंगे,

तू फोन उचलत नाहीस. काल तुझ्या दारात येऊन गेले. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं, शेवटी शेजारच्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आहेत घरात, पण तुमच्यासाठी नाहीत." म्हणून लिहिते.

लोकांकडून तुला कळलं असेलच. माझ्याकडूनही कळू दे. सरांविरुद्धची, तुझ्या नवऱ्याविरुद्धची तक्रार मी दिली. खाली सही माझीच आहे. माझ्या जुन्या पोलीस खात्यातल्या कुणालाही पुढे करता आलं असतं, तसं मला सुचवलंही होतं. पण मेव्हणीनं आडून वार केला असं उद्या कुणी म्हणायला नको होतं.

घडलं ते असं. निवृत्त झाल्यापासून मी शाळांमधून हिंडते, हे तुला ठाऊक आहे. तूच चेष्टा करायचीस, "ताईनं चोर सोडले आणि पोरं धरली." मी पोरांना घाबरवत नाही गं. भुतं, राक्षस, गोळ्या देणारा अनोळखी माणूस, असलं काही सांगत नाही. मोठ्यानं 'नको' म्हणायला लावते. सगळा वर्ग एकदम ओरडतो आणि शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघतात. मग सांगते की त्रास देणारा माणूस ओळखीचाही असू शकतो, चांगलाही वाटू शकतो. ज्याला सांगाल त्यानं ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. ऐकणारं माणूस भेटेपर्यंत सांगत राहा. एवढ्या नोकरीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली, चिंगे. जवळजवळ प्रत्येक पोरानं आमच्याआधी कुणाला तरी सांगितलेलं असायचं, आणि त्या कुणीतरी म्हटलेलं असायचं, "गप्प बस."

त्या दिवशी वर्ग सुटला, पोरं डबे घेऊन बाहेर पळाली, आणि एक मुलगी बाकावरच बसून राहिली. पुढचे दोन दात मोठे म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात, तिला ते आवडतंही. माझ्याकडे न बघता, पेन्सिलीनं बाक टोकरत तिनं विचारलं, "पाणी नाकात गेलं आणि वर येऊ दिलं नाही, तर ते शिकवणं असतं का?"

मी म्हटलं, "कोण येऊ देत नाही?"

"सर. रडलं की डोकं धरतात. रडणं थांबेपर्यंत."

कुठले सर, हे तिनं पुढे सांगितलं. पोहण्याचा तलाव सांगितला, शिट्टी सांगितली, पकडताना अंगठा कानामागे कसा रुततो तेही दाखवलं. मी मान हलवत ऐकत होते. आयुष्यभर ऐकून घेणं हाच माझा धंदा. तुझ्या घरचा चहा मी त्याच आठवड्यात पिऊन आले होते. सरांनीच कप पुढे केला होता.

तिला एवढंच म्हटलं, "नाही बाळा. ते शिकवणं नसतं. आणि तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस."

मग तिच्या आईला गाठलं आणि मग चौकीत गेले.

ताई


२ जुलै

चिंगे,

तुझा एका ओळीचा निरोप मिळाला. "आधी मला सांगायचं होतंस. आता तोंड दाखवू नकोस."

आधी तुला का सांगितलं नाही, याचं उत्तर तुलाही माहीत आहे. तू सरांना सांगितलं असतंस. लग्न झाल्यापासून तू त्यांना घरातसुद्धा सरच म्हणत आलीस. संध्याकाळी त्यांनी त्या मुलीला बाजूला घेतलं असतं, दुसऱ्या दिवशी तिनं सगळं नाकारलं असतं, आणि तलाव पूर्वीसारखा सुरू राहिला असता. मला बहीण हवी होती, गं. पण त्या दिवशी माझ्यासमोर ती पोर बसली होती.

तुला वाटत असेल, ताई मजेत असेल, तिला तिचं कौतुक मिळालं. ऐक मग. तलावाच्या कार्यालयात पालकांची सभा झाली. भिंतीभर कपाटं, कपाटांत सरांच्या मुलांनी जिंकलेले चषक, खोलीत तो क्लोरीनचा वास. मला बोलावलं होतं खुलासा करायला. मी बोलायला उभी राहिले तसा एक बाप म्हणाला, "नाकातोंडात थोडं पाणी गेल्याशिवाय कुणी पोहायला शिकतं का? आमची पोरं कणखर झाली ती सरांमुळे. तुमचं काय गेलं?"

मी म्हटलं, "शिकताना पाणी नाकात जाणं वेगळं आणि रडली म्हणून डोकं दाबून धरणं वेगळं."

"पुरावा?"

"मुलगी सांगते आहे."

"मुली काय, काहीही सांगतात," असं एक आईच म्हणाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्यांचं वाईट वाटलं नाही. त्या बाईचा मुलगा तिच्या शेजारी बसला होता, त्यानं खाली घातलेली मान वर केली नाही, त्याचं वाटलं. माझ्या दोन शाळांनी पुढचे कार्यक्रम रद्द केले. 'वाद मिटेपर्यंत' म्हणे. नोकरीत असताना चोरसुद्धा माझ्याशी खरं बोलायचे. आता मुख्याध्यापक चाचरतात.

परवा खारूताईकडे गेले होते. आई शिवणकाम करते, एका खोलीचं घर. आधी पोर दिसली नाही, मोरीतून आवाज येत होते. तिनं महिनाभर डोक्यावरून पाणी घालू दिलेलं नाही. केस चिकट झालेत, शाळेत मुलं नाक धरतात. आई तांब्या भरून घेते आणि विचारते, "कपाळापर्यंत घालू?" मुलगी म्हणते, "थांब." आई थांबते. हात तसाच वर. मी दारातून बघत होते, त्या बाईचा हात थरथरायला लागला तरी तिनं तांब्या खाली ठेवला नाही, घाईही केली नाही. किती तरी वेळानं आतून आलं, "आता. थोडंसं."

मी शाळाशाळांतून चिवटपणा, धीर असलं काय काय बोलत फिरते, चिंगे. त्या दिवशी दारात उभी राहून ते पहिल्यांदा पाहिलं.

तुला एक गोष्ट विचारायची आहे. पण ती पत्रात विचारणार नाही.

ताई


१९ ऑगस्ट

चिंगे,

आज जे लिहिते आहे ते वाचून तू पत्र फाडशील. निदान आधी वाच.

सरकारी वकिलांनी मला बोलावून घेतलं होतं. भले गृहस्थ आहेत, पण थकलेले. म्हणाले, "बाई, एका बाजूला दहा वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूला एवढी वर्षं पोरं घडवणारा माणूस. बाकीचा एकही पालक मुलाला बोलू देत नाही. दुसरं कुणी उभं राहिलं नाही तर टिकणार नाही." दुसरं कोण, हे माझ्या मनात होतं. तुझ्याही आलं असेल. मी त्याला फोन केला नाही. मनात आलं होतं, नाही असं नाही. खात्यात असते तर पहिली गाडी पकडून त्याच्या दारात बसले असते. पण जखमेवरची खपली आपल्या सोयीनं काढायची नसते, हे मी लोकांना शिकवत फिरते. मग स्वतः कशी काढू?

रविवारी त्याचाच फोन आला. तुझ्या पिल्लूचा. एवढा मोठा झाला, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात शंभर माणसांचं शिजवतो, तरी मी पिल्लूच म्हणते. तू ठेवलेलं नाव आहे.

"मावशी, मी बातमी वाचली," म्हणाला. मग बराच वेळ मागून भांड्यांचा आवाज येत राहिला.

"ती मुलगी किती वर्षांची आहे?"

"दहा."

"मी आठचा होतो."

मग त्यानं सांगितलं. सगळं इथे लिहीत नाही. ते त्याचं आहे, वाटलं तर तो तुला सांगेल. एवढंच लिहिते, की घर सोडून गेल्यापासून तो इतकी वर्षं समुद्राकाठी गेला नाही, मित्रांबरोबर नाही, बायकोबरोबर नाही. तिला वाटतं याला ऊन सहन होत नाही. त्यानं घर सोडलं तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "वडिलांशी पटत नाही, तरण्या पोरांचं असतंच." मी मान डोलावली होती.

शेवटी म्हणाला, "मी आलो तर चालेल का गं?"

मी म्हटलं, "आलास तर तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास तरी तुझी मावशीच राहीन. तुझ्या येण्या-न येण्यावर माझं काही बदलत नाही."

"केस पडेल ना मग?"

"पडेल कदाचित. ते ओझं तुझं नाही."

पुन्हा भांडी. कुणीतरी त्याला हाक मारली, यानं "आलो" म्हणून ओरडून सांगितलं. मग अगदी खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, मी तिथे बोलायला उभा राहिलो, तर आई कुठे बसेल?"

याचं उत्तर फक्त तुलाच देता येईल.

ताई


९ ऑक्टोबर

चिंगे,

तू तिथे होतीस. सगळं तू पाहिलंस. तरी लिहिते, कारण तू मधेच उठून गेलीस आणि पुढचं तुला कळलं नसेल.

तू सरांच्या मागच्या बाकावर बसलीस. इस्त्रीची साडी, मांडीवर त्यांच्या औषधांची पिशवी. माझ्याकडे पाहिलं नाहीस. पिल्लू आत आला तेव्हा मात्र पाहिलंस. तो दाढी राखतो हे तुला माहीत नव्हतं ना? तुझा हात आपोआप तोंडावर गेला.

खारूताईचं बोलणं दुसऱ्या खोलीतून झालं, पडद्यावर. सर तिला दिसू नयेत अशी सोय केली होती. तिनं बाहुलीचं डोकं धरून दाखवलं तेव्हा तू पिशवीचा बंद सोडत होतीस आणि बांधत होतीस. माझं लक्ष होतं. जुनी सवय.

मग सर उठले. ते खोटं बोलले नाहीत, हे मला मान्य केलं पाहिजे. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. म्हणाले, "जग लाड करत नाही, साहेब. मी पोरांची भीती काढतो. माझ्या वडिलांनी माझी काढली, मी माझ्या मुलाची काढली. हा बघा, उभा आहे की तुमच्यासमोर, ताठ."

वकिलांनी पिल्लूला विचारलं, "यावर तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

तो इतका वेळ कठड्याला धरून होता. हात सोडले. म्हणाला, "उभा आहे, खरं आहे. पण यांच्यामुळे नाही. हे मला घरी आणून सोडायचे आणि जेवायला बसायचे. आई मला आतल्या खोलीत न्यायची, दार लावून घ्यायची आणि टॉवेलचं टोक पिळून पिळून माझ्या कानातलं पाणी टिपायची. काही बोलायची नाही. मी झोपेपर्यंत टिपत बसायची, पाणी केव्हाच संपलेलं असायचं तरी. मी त्याच्या जोरावर उभा आहे. मला तिच्यावर राग नाही. एवढंच सांगायला आलो."

त्यानंतर तू उठलीस. पिशवी खाली पडली, गोळ्या फरशीवर घरंगळल्या, तू त्या उचलल्या नाहीस. दार उघडून निघून गेलीस. सरांनी वळून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कुठे चालली ही?"

मला तुला जे विचारायचं होतं, त्याचं उत्तर मला असं मिळालं. तुला माहीत होतं. मी ते पोलिसाच्या नजरेनं ओळखलंच होतं, पण मला वाटत होतं, माहीत असून तू काहीच केलं नाहीस. तसं नव्हतं. तुझ्या हातात जेवढं होतं तेवढं तू केलंस, दार लावून. ते पुरेसं नव्हतं, आणि तरी त्यानं एक पोर वाचलं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात हे मला एवढ्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

पुढचं सांगते. तू गेल्यावर मागच्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं. सभेत त्या दिवशी "मुली काहीही सांगतात" म्हणाली होती, तीच बाई. तिच्या मुलाचा हात धरून. म्हणाली, "साहेब, याला काहीतरी बोलायचं आहे म्हणतो."

ताई


३० नोव्हेंबर

चिंगे,

निकाल तुला माहीत आहे. शिक्षा झाली. वय आणि हृदयाचं दुखणं बघून तुरुंगाऐवजी घरातच राहण्याची सूट मिळाली. मुलांना शिकवायला आणि तलावाच्या आवारात पाऊल टाकायला मात्र कायमची बंदी. लोक मला अभिनंदन म्हणतात. कसलं अभिनंदन? खारूताई अजून पाण्यात उतरलेली नाही, उतरेल की नाही कुणास ठाऊक. मी तिला विचारतही नाही. हल्ली डोक्यावरून पाणी घेते, डोळे घट्ट मिटून. तलावाच्या पायऱ्यांवर आता आयांना बसू देतात, आधी देत नसत. एवढं झालं. दोन शाळांपैकी एकीनं मला परत बोलावलंय.

परवा मी तुझ्याकडे आले, ते तुझी समजूत काढायला नव्हते आले. दार उघडशील असंही वाटलं नव्हतं. उघडलंस. किती वाळलीस गं. केस बांधलेले नव्हते. आतल्या खोलीतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता, रेडिओ लागला होता. तू चौकटीत उभी राहिलीस, मला आत ये म्हणाली नाहीस, जा असंही म्हणाली नाहीस. मी तुझा हात धरला, तू तो काढून घेतला नाहीस.

आतून त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

तू म्हणालीस, "कुणी नाही."

मला राग आला नाही. त्या घरात राहायचं तर तुला असंच म्हणावं लागणार. तू तिथेच राहणार हेही मला कळलंय. त्यांना औषध द्यायला दुसरं कोण आहे? मी तुला सोडून ये म्हणणार नाही. ते तुझं तू ठरव, आणि जे ठरवशील त्यात मी तुझी ताईच आहे.

पण दार लावता लावता तू कुजबुजलीस, "कोर्टाच्या दिवशी तो जेवून गेला का गं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून पुन्हा हाक आली आणि दार लागलं. म्हणून ते उत्तर आज लिहिते आहे.

नाही, जेवून गेला नाही.

कोर्टातून आम्ही माझ्या घरी आलो. मी पानं घेतली, दोघांची. तो म्हणाला, "तीन घे, मावशी. आई येईल." मी तीन घेतली. तो खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला. कोपऱ्यावर बाई दिसली की उठायचा, मग बसायचा. मी म्हटलं, "थोडं खाऊन घे, ती आली की पुन्हा बस." म्हणाला, "तिच्याबरोबरच बसतो. खूप दिवस झाले." मी दोनदा गरम केलं. गाडीची वेळ झाली तेव्हा तो उठला, तिन्ही ताटं त्यानंच आवरली, स्वयंपाकी माणूस, पुसून जागच्या जागी ठेवली. मी बरोबर डबा दिला, तो घेतला. दारात माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "तिला यायला जमलं नसेल. तू तिला काही बोलू नकोस हं."

मी काही बोलत नाही. खाली त्याचा नंबर लिहिला आहे. दुपारी इस्पितळातलं जेवण आटोपलं की तो एकटाच मागच्या पायरीवर बसलेला असतो, तेव्हा कर. काय बोलायचं म्हणून अडून राहू नकोस, चिंगे. माफी, खुलासा, काही नको. आज काय जेवलास, एवढंच विचार. तो सांगत राहील. तू ऐक.

ताई